पायाचे अंगठे हाताला लागले नाहीत म्हणून

प्रश्न : माझे वय ४७. मी शाळेत शिकवते. दीड वर्षापासून योगासनांच्या वर्गाला नियमित जाते. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, माझे हात अजूनही नडगीच्या मध्यापर्यंतच पोहोचतात. शेजारच्या बायका गुडघ्याला कपाळ टेकवतात. शिक्षक पाठीवर हात ठेवून खाली दाबतात आणि ‘आणखी थोडे’ म्हणतात. पद्मासनात बसले की उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखते. मुलगी रोज धावायला जाते. तिच्या मते आसने हा व्यायामच नव्हे. थोरल्या जाऊबाई म्हणतात, आसने मनासाठी असतात, शरीराचा विचार कशाला करतेस. आणि शवासनात तर माझे मन दिवसभरात भटकत नसेल इतके भटकते. मग आसने नेमकी कशासाठी करायची? मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. वर्ग सोडावा का, तेही कळवा.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

नडगीवर थांबणारे हात, दुखणारा गुडघा, मुलीचा आक्षेप आणि शवासनात भटकणारे मन यांविषयी तुम्ही वेगवेगळे लिहिले असले, तरी ही सगळी ‘आसने नेमकी कशासाठी?’ या एकाच प्रश्नाची रूपे आहेत, म्हणून आधी तोच घेते. माझे मत सुरुवातीलाच सांगते. ज्या स्थितीत शरीर काही काळ स्थिर राहू शकते, श्वास मोकळा चालतो आणि लक्ष त्या शरीरावर टिकते, ती स्थिती म्हणजे तुमचे त्या दिवसाचे पूर्ण आसन होय. हात कुठवर पोहोचले हा त्यातला गौण तपशील आहे.

हे मत माझ्या पदरचे नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत एकूण १९५ सूत्रे आहेत, काही पाठांत १९६. त्यांपैकी आसनाचा थेट विचार करणारी सूत्रे केवळ तीन, दुसऱ्या पादातली (प्रकरणातली) ४६ ते ४८. ‘स्थिरसुखमासनम्’ हे पहिले. आसन स्थिर असावे आणि सुखकर असावे, एवढीच अट ते घालते. दुसरे सूत्र ही अवस्था कशी साधते ते सांगते: प्रयत्न शिथिल केल्याने आणि चित्त अनंताच्या ठायी लीन झाल्याने. तिसऱ्यात फळ सांगितले आहे, की मग शीत-उष्ण, सुख-दुःख अशा द्वंद्वांचा आघात होत नाही. त्याच्या पुढचे सूत्र लगेच प्राणायामाकडे वळते, तेही ‘तस्मिन् सति’, म्हणजे आसन साधल्यावर, असे बजावून. शरीराची कुरकुर थांबावी, श्वासाकडे आणि त्याच्यामागून मनाकडे जाण्याची वाट मोकळी व्हावी, यासाठी या क्रमात आसन ठेवलेले आहे. ‘आणखी थोडे’ या सूचनेत आणि प्रयत्नशैथिल्यात केवढे अंतर आहे, ते यावरून तुमच्या लक्षात येईल.

जाऊबाईंच्या म्हणण्याला येथे आधार मिळतो, पण अर्धाच. पतंजलींच्या नजरेसमोर मुख्यतः ध्यानाची बैठक होती. आज वर्गात घेतली जाणारी वाकण्याची, पिळण्याची, उलटे होण्याची आसने हठयोगाच्या आणि त्याच्याही नंतरच्या परंपरेतून आली. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामांनी हठयोगप्रदीपिकेत पंधरा आसने वर्णिली, त्यानंतरच्या घेरंडसंहितेत ती बत्तीस झाली. प्रदीपिकेने आसनांचे प्रयोजन एका ओळीत सांगून टाकले आहे: ‘कुर्यात्तदासनं स्थैर्यमारोग्यं चाङ्गलाघवम्’. स्थैर्य, आरोग्य आणि अंगाचा हलकेपणा, या तिन्हींसाठी आसन. पुढे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना केली, योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजण्यास आरंभ केला आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. शरीराचा विचार वर्ज्य असता तर या परंपरेतल्याच माणसाने तो इतक्या कसोशीने केला नसता.

आता तुमचे पश्चिमोत्तानासन. मांडीच्या मागचे स्नायू ताणले जाऊ लागले की त्या स्नायूंतच असलेल्या सूक्ष्म संवेदी रचना ताणाची वार्ता मज्जारज्जूकडे पाठवतात, आणि ताण झटक्याने आलेला असेल तर उलट उत्तर म्हणून तो स्नायू आकसतो. हे संरक्षण आहे, आडमुठेपणा नव्हे. ताण सावकाश दिला, तो सोसवेल इतकाच ठेवला आणि तेथे शांतपणे थांबले, तर ही प्रतिक्रिया ओसरते. सुरुवातीच्या आठवड्यांत लवचिकता वाढल्यासारखी वाटते, त्यातला मोठा भाग मज्जासंस्थेने तो ताण सहन करण्याचा असतो. स्नायूची लांबी काही लगेच वाढत नाही. याचा अर्थ असा की पाठीवर दाब देऊन घेतलेले चार बोटांचे अंतर बहुधा मांडीमागून मिळालेले नसतेच. मांडीमागचे स्नायू ओटीपोटाच्या हाडाला पुढे झुकू देत नाहीत, म्हणून बाहेरचा दाब कमरेच्या मणक्यांवर जातो, तिथला कणा गोल होतो, आणि जो भाग सांभाळायचा त्याच्यावरच भार येतो. शिवाय हातांची लांबी, धडाची लांबी, खुब्याच्या खोबणीची खोली आणि दिशा या गोष्टी माणसागणिक वेगळ्या असतात. शेजारणीचे कपाळ गुडघ्याला लागते यात तिच्या हाडांच्या ठेवणीचाही वाटा आहे, आणि हाडांची ठेवण सरावाने बदलत नाही.

म्हणून उद्यापासून घडी केलेल्या जाड घोंगडीवर बसा, म्हणजे ओटीपोट पुढे झुकायला मदत होईल. गुडघे किंचित वाकलेले राहिले तरी चालतील. तळपायांभोवती एक पट्टा किंवा ओढणी घालून तिची टोके धरा, आणि पाठ लांब ठेवून खुब्यातून पुढे या, कमरेतून वाकू नका. जेथे श्वास अडखळेल त्याच्या थोडे अलीकडे थांबा. बाहेरून हे आसन अपुरे दिसेल, परंतु ताण जेथे हवा तेथेच जाईल.

शरीराच्या बाबतीत आसने आणखी काय करतात, तेही पाहू, कारण लवचिकतेवरच सगळे लक्ष गेल्यामुळे बाकीचे लाभ झाकले जातात. भुजंगासन आणि शलभासन पाठीच्या स्नायूंना काम देतात. फळ्यासमोर तासन्‌तास उभे राहणाऱ्या आणि वह्या तपासताना पुढे वाकून बसणाऱ्या व्यक्तीला पुढे वाकण्यापेक्षा याची गरज अधिक, असे मला वाटते. वक्रासनासारख्या आसनांत कणा स्वतःभोवती फिरतो. मणक्यांमधल्या चकत्यांना प्रौढपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. त्यांचे पोषण आजूबाजूच्या ऊतींमधून झिरपून होते आणि हालचालीमुळे, भार कमी-अधिक झाल्यामुळे या देवघेवीला मदत मिळते. वृक्षासनात एका पायावर उभे राहताना डोळे, आतला कान आणि पायाच्या सांध्यांतून येणाऱ्या संवेदना यांचा मेळ घालावा लागतो. रजोनिवृत्तीच्या वयात स्त्रियांच्या हाडांची घनता उतरू लागते आणि त्या वयापासून पुढे पडण्याचे परिणाम अधिक गंभीर होत जातात, तेव्हा तोल सांभाळण्याची ही क्षमता अंगठ्याला हात लागण्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे. भिंतीजवळ उभे राहून करा, पण वृक्षासन सोडू नका.

मुलीचे म्हणणे रागाने बाजूला सारू नये, कारण तिचे अर्धे बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा, म्हणजे दम थोडा वाढेल असा व्यायाम आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. संथपणे घेतलेली आणि धरून ठेवलेली बहुतेक आसने हृदयाच्या दृष्टीने हलक्या श्रमांत मोडतात. सूर्यनमस्कार वेगाने घातले तर श्रम वाढतात, परंतु तेवढ्यासाठी प्रत्येक आसनाची घाई करणे म्हणजे आसनाचे जे खरे काम तेच गमावणे. तेव्हा भरभर चालणे वेगळे ठेवा आणि आसने वेगळी ठेवा. जे काम आसनाचे नाही ते त्याच्यावर लादले की निराशा ठरलेली असते. हीच गोष्ट रोग बरे करण्याच्या दाव्यांची. दीर्घकाळच्या कंबरदुखीत योगाचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत औषधांच्या आधी करून पाहण्याच्या उपायांत योगाचा समावेश केला आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या त्याच वर्षीच्या कॉक्रेन समीक्षेने मात्र सुधारणा माफक असल्याचे नोंदवले आणि काही जणांची पाठदुखी योगाने वाढल्याचेही सांगितले. माफक पण खरा असा हा लाभ मला पुरेसा वाटतो. अमुक आसनाने अमुक आजार मुळापासून जातो, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबून गोळी थांबवू नका.

आता मनाकडे येते, कारण तुमच्या पत्रातली खरी तळमळ तेथे आहे. हात-पाय विशिष्ट रीतीने ठेवल्याने मनाला काय होणार, अशी शंका कोणालाही येईल. पतंजलींनी पहिल्या पादात चित्ताच्या विक्षेपांबरोबर येणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत: दुःख, दौर्मनस्य म्हणजे खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वास-प्रश्वासाची अनियमितता. या चारांपैकी पहिल्या दोन मनातल्या आहेत. त्यांना ‘जा’ म्हटल्याने त्या जात नाहीत. उरलेल्या दोन मात्र शरीरातल्या आहेत, आणि त्यांच्यावर आपला थोडाफार अधिकार चालतो. खिन्न होऊ नकोस असे स्वतःला सांगून कोणी खिन्नता घालवलेली नाही; श्वास सोडण्याचा काळ लांबवणे मात्र जवळपास प्रत्येकाला जमते. जेथे हात पोहोचतो तेथून सुरुवात करायची, अशी ही व्यवहारी युक्ती आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आसनांचे मनाशी असलेले नाते मुख्यतः याच जागी आहे.

शरीरशास्त्रही या निरीक्षणाला दुजोरा देते. आपण श्वास घेतो तेव्हा हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडतो तेव्हा किंचित मंदावते, कारण उच्छ्वासाच्या वेळी हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस या चेतातंतूचा प्रभाव वाढतो. श्वास संथ झाला आणि उच्छ्वास लांबला की हा प्रभाव अधिक काळ टिकतो, आणि शरीर सावधपणाच्या पवित्र्यातून विश्रांतीकडे झुकते. आसनात असताना श्वास संथ ठेवणे म्हणजे थोड्या अवघड परिस्थितीत विश्रांतीकडे झुकण्याचा सराव करणे होय. ‘थोड्या अवघड’ हे शब्द मी मुद्दाम वापरते आहे. पूर्ण आरामात शांत राहणे सोपे आहे आणि असह्य वेदनेत ते शक्य नाही. चांगले घेतलेले आसन या दोहोंच्या मधली जागा देते. मांडीमागे ताण जाणवतो आहे, तो आवडत नाही, सोडून द्यावेसे वाटते आहे, तरीही पाच-सहा श्वास तेथेच राहून आपण त्याकडे पाहतो. जबडा आवळला गेला आहे का, भुवया आक्रसल्या आहेत का, खांदे कानांकडे चढले आहेत का, हे तपासतो आणि एकेक सैल करतो. ज्या स्नायूंचे त्या आसनात काहीच काम नाही, तेही ताणाखाली कामाला लागतात, ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात येते तेव्हा अनेकांना नवल वाटते.

ही ओळख आसनापुरती राहत नाही, आणि म्हणून तिचे मला इतके महत्त्व वाटते. वर्गात गोंगाट वाढला, परीक्षेच्या दिवसांत कामाचा ढीग साचला, कोणी वरिष्ठ सर्वांदेखत काही बोलले, की तेच खांदे वर चढतात आणि तोच जबडा आवळला जातो. एरवी हे दिवस संपल्यावर डोके ठणकू लागते तेव्हा कळते. आसनांत त्या खुणा ओळखण्याची सवय लागलेली व्यक्ती त्या तेथल्या तेथे ओळखू लागते, आणि ओळखल्यावर एक लांब उच्छ्वास सोडायला कोणाची परवानगी लागत नाही. राग येणार नाही असे मी म्हणत नाही. पण राग येणे आणि त्यातून शब्द बाहेर पडणे यांच्यामध्ये थोडी जागा तयार होते. दीड वर्षात तुम्हाला असे काही जाणवले आहे का, हे स्वतःला विचारून पाहा; तुमच्या प्रगतीचे माप मी तेथे घेईन.

शवासनाविषयी तुम्ही लिहिले आहे की मन दिवसभरात भटकत नसेल इतके भटकते. माझा अंदाज असा की ते दिवसभरही तितकेच भटकत असते, फक्त कामाच्या रेट्यात ते दिसत नाही. बाहेरची हालचाल थांबली की आतली दिसू लागते. तेव्हा याला अपयश समजू नका. मन भटकले आहे हे ज्या क्षणी लक्षात येते, तो क्षण अभ्यासाचाच आहे. तेथून त्याला न रागावता परत आणायचे, आणि ते पुन्हा गेले तर पुन्हा आणायचे. निव्वळ ‘शांत राहा’ असे सांगून मनाला काही करायला उरत नाही, म्हणून त्याला काम द्या. पायाच्या बोटांपासून आरंभ करून घोटे, पोटऱ्या, गुडघे, मांड्या असे एकेका भागावर लक्ष नेत टाळूपर्यंत या, आणि प्रत्येक भागाशी एक सावकाश उच्छ्वास सोडा. कमरेखाली ताण जाणवत असेल तर गुडघ्यांखाली लोड किंवा गुंडाळलेली चादर ठेवा. पाठीवर निजून अस्वस्थता किंवा भीती वाटत असेल तर कुशीवर निजा किंवा मकरासनात पोटावर निजा, डोळे उघडे राहिले तरी हरकत नाही. शवासनासाठी शेवटची दोनच मिनिटे उरत असतील तर एखादे आसन कमी करा, पण याला दहा मिनिटे द्या. आसनांच्या क्रमात सर्वांत आधी कापले जाते ते हे, आणि मला ते फार खटकते.

गुडघ्याबाबत मात्र थांबून विचार करण्यासारखे काही नाही: पद्मासन आजपासून बंद करा. गुडघा मुख्यतः वाकण्या-सरळ होण्यासाठी आहे. पद्मासनात मांडी बाहेरच्या बाजूला वळावी लागते आणि ते वळणे खुब्यातून यावे लागते. खुबा तितका वळत नसेल तर उरलेला पीळ गुडघ्यावर येतो आणि आतल्या बाजूच्या कूर्चेवर दाब पडतो. स्नायूचा ताण आणि सांध्यातली कळ यांतला फरक ओळखायला शिका. ताण पसरट असतो आणि सैल सोडल्यावर ओसरतो; सांध्यातली कळ टोचणारी असते, एका ठिकाणी असते, आणि तिच्यावर श्वास घेऊन मात करायची नसते. बसण्यासाठी स्वस्तिकासन किंवा उंच आधारावर सुखासन घ्या. तेही दुखत असेल तर खुर्चीवर ताठ बसा, ध्यानाला त्याने काही उणेपणा येत नाही. वज्रासनातही या गुडघ्याने फार वेळ बसू नका. जिना उतरताना दुखत असेल, सूज येत असेल किंवा गुडघा अडकल्यासारखा होत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या.

रक्तदाबासाठी दोन गोष्टी पाळा. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन यांसारखी डोके खाली असणारी आसने तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. डोळ्यांत काचबिंदू आहे का, हेही त्याआधी तपासलेले असावे, कारण अशा स्थितीत डोळ्यातला दाब वाढतो. आणि कोणत्याही आसनात श्वास रोखून जोर लावू नका, कारण त्या क्षणी रक्तदाब चढतो. शवासनातून उठताना एका कुशीवर वळा, काही श्वास थांबा, मग हाताच्या आधाराने बसा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते.

वर्ग सोडावा का, याचे उत्तर तुमच्या शिक्षकांवर अवलंबून आहे. पुढच्या वर्गाच्या आधी त्यांना एकटे गाठून सांगा, की मला रक्तदाब आहे, उजवा गुडघा दुखतो, पद्मासन करणार नाही, आणि पुढे वाकताना पाठीवर दाब देऊ नये. विनंतीच्या सुरात सांगा, पण संदिग्ध सांगू नका. जाणता शिक्षक हे ऐकून आधार सुचवेल, पर्यायी आसन देईल, कदाचित हे आधी विचारायला हवे होते असेही म्हणेल. त्यानंतरही पाठीवर हात आला, किंवा ‘दुखल्याशिवाय सुटत नाही’ असे ऐकावे लागले, तर दुसरा वर्ग शोधा आणि तेथे पहिल्याच दिवशी शिक्षक प्रकृतीची चौकशी करतात का ते पाहा. दरम्यान घरी ताडासन, वृक्षासन, भुजंगासन, शलभासन, वक्रासन, आधाराने पश्चिमोत्तानासन आणि शवासन एवढे केले तरी अर्धा-पाऊण तास उत्तम जातो. डॉक्टरांकडे जाल तेव्हा या आसनांची नावे आणि ती करताना गुडघा नेमका कधी दुखतो, ते एका कागदावर लिहून न्या.